कानिफचं इंग्रजी

बोर्ड रंगवणाऱ्याला वाचता येतं, असं लोक धरूनच चालतात. पोहणाऱ्याला कुणी पाण्याची ओळख आहे का म्हणून विचारत नाही, तसंच ते. मी अडतीस वर्षं बोर्ड रंगवले. नेवासा, कुकाणा, घोडेगाव, शेवगाव. नागापूरच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपच्या पाट्या, टेम्पोच्या मागच्या फळ्या, दवाखाने, दूध डेअऱ्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार. त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं.

आमची माणसं मूळची पाथर्डीकडची. दसरा झाला की आई-बाप ऊस तोडायला इकडच्या कारखान्यावर यायचे. मी पाचटानं शाकारलेल्या कोपीत वाढलो. शाळेत सलग सहा महिने कधी बसलो नाही. पण डोळा होता आणि डावा हात होता.

गिऱ्हाईक चिठ्ठी द्यायचं. मी ती उलटी धरायचो. ज्या म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली मी शिकलो त्याची ती रीत होती. उलटं धरलं की अक्षर नुसता आकार राहतं. मग खडू लावलेली दोरी भिंतीवर ताणायची, फटकारा मारायचा, रेघ उमटते. रेघेवर चिठ्ठीतला एकेक आकार सुलटा करून उतरवायचा. वाचता येणारा पेंटर चुकतो, कारण तो डोक्यातलं लिहितो. मी समोर दिसेल तेवढंच काढायचो. मराठी असो, इंग्रजी असो, माझ्या बोर्डावर कधी एक रेघ कमी-जास्त झाली नाही. माझं नाव त्यावरच होतं.

खरी गोष्ट फक्त माझ्या मंडळीला माहीत होती. मुक्ताबाई म्हणायची, "तुमी आन् मी सारखंच अडानी. तुमच्यावर रंग दिलाय, येवढंच."

आमचं गाव देवखडक, नेवाशाच्या पुढे, प्रवरेच्या काठाला. गावाच्या वरच्या अंगाला ख्रिस्ती लोकांचं मंदिर आहे. काळा दगड, मंगलोरी कौलं, आत सागवानी बाकं. सकाळी दहाच्या सुमाराला पूर्वेच्या वरच्या झरोक्यातून ऊन आत येतं आणि उत्तरेच्या भिंतीवर पडतं. त्या भिंतीवर चार चित्रं आहेत. विंटनबाई म्हणून एक गोरी बाई पूर्वी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. इंग्रजीत कविता करायच्या आणि चित्रंही काढायच्या. चित्रं त्यांची. प्रत्येक चित्राखाली हातभर रुंद पांढरी पट्टी सोडलेली, आणि पट्टीत त्यांच्याच कवितेच्या चार-चार ओळी.

चित्रांत गोष्ट हागारेची. ती पवित्र शास्त्रातली दासी आहे. धनिणीनं तिला लेकरासकट घराबाहेर काढलं, भाकर आणि पाण्याची कातडी मसक खांद्यावर दिली आणि रानात सोडलं. पाणी संपलं. लेकरू मरताना बघवत नाही म्हणून तिनं त्याला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली. मग देवानं तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. विंटनबाईंनी हागारेला नऊवारी लुगडं नेसवलंय. झुडूप बाभळीचं आहे. विहिरीवर मोटेच्या बैलांची उतरती धाव आहे.

ब्याऐंशी साली इस्टरच्या आधी मंदिराच्या पाळकसाहेबांनी मला बोलावलं. ते नवेच बदलून आले होते. म्हणाले, "कानिफराव, चित्रांना हात लावू नका. चारही चित्रांखालची अक्षरं फिकी झालीत, तेवढी उजळून द्या."

चार म्हणाले, म्हणून मी चार केली.

फिकी अक्षरं कशी काढायची याची रीत असते. ओलं फडकं हलक्या हातानं पट्टीवरून फिरवायचं. भिंत भिजली की जुना रंग गडद होतो, घोटभर चहा पिईपर्यंत दिसतो, पुन्हा सुकतो. तेवढ्यात पेन्सिलीनं कडा धरायच्या. पहिल्या तीन पट्ट्या अशा दोन दिवसांत झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फळी चौथ्या चित्राखाली सरकवली. कोरडी पट्टी पांढरीफेक होती. मी फडकं फिरवलं आणि अक्षरं आली. आधीच्या तिन्हींपेक्षा स्पष्ट आली. मी पेन्सिल घेतलीच नाही, सरळ ब्रश लावला. एक गोष्ट तेव्हा खटकली होती, पण कामाच्या नादात मी ती सोडून दिली. आधीच्या पट्ट्या लगेच सुकत होत्या. ही सुकत नव्हती.

चौथ्या ओळीच्या शेवटाला आलो. शेवटचा शब्द अर्धा झाला होता. दारातून हाक आली, "अहो, हे काय चालवलंय?"

मी वळलो. दारात शाळेच्या नव्या मास्तरीणबाई उभ्या होत्या, पुष्पावतीबाई. वय चोवीस-पंचवीस. मंदिरात दुसरं कुणी नव्हतं. बाई पुढे आल्या, पट्टीकडे पाहत राहिल्या.

"ही पट्टी कोरी होती," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांनी या भिंतीला गिलावा केलाय. विंटनबाई आजारी पडून एकतीस साली परत गेल्या. चौथं कडवं लिहायचं राहिलं. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही कुठून आणलंत?"

"हितंच हुतं."

"कुठे?"

मी मान वळवली. भिंत सुकली होती. माझ्या अर्ध्या शब्दापुढे काहीच नव्हतं.

मंदिराची पंचकमिटी बसली. पट्टीवरचं इंग्रजी वाचून ते लोक फार चिडले, इतकं मला दिसलं. कशामुळे, ते मला कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणालं, सिनेमाच्या पोस्टरवरून उतरवलं. कुणी म्हणालं, पेंटरनं मनचं लिहून देवाची चेष्टा केली. मला विचारलं, "हे तूच लिहिलंस ना?"

त्या वेळी मी दोन शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. मला वाचता येत नाही, मनचं इंग्रजी कुठून लिहू. पण ते दोन शब्द बोललो असतो तर दुसऱ्या दिवसापासून मला बोर्ड कुणी दिला असता? घरात दोन लेकरं होती. मी खाली मान घालून म्हणालो, "व्हय."

त्यांनी ती पट्टी साबणाच्या पाण्यानं घासली. माझा रंग साधा डिंकाचा होता, जायला पाहिजे होता. घासल्यावर अक्षरं उलट ठसठशीत झाली. चुना मारावा तर वरचं चित्र बिघडतं. शेवटी गीतांच्या पुस्तकांचं मोठं कपाट आणून त्या पट्टीपुढे उभं केलं.

गावाला मात्र एक म्हण मिळाली. कुणी न घडलेलं घडलं म्हणून सांगू लागलं की लोक म्हणत, हे कानिफचं इंग्रजी. ग्रामसेवकानं कागदावर विहीर दाखवली, कानिफचं इंग्रजी. नवरा नगरला कामाला गेल्तो म्हणाला आणि बायकोला त्याच्या खिशात तमाशाचं तिकीट सापडलं, कानिफचं इंग्रजी. माझ्या पोराला शाळेत तेच ऐकावं लागलं. बेचाळीस वर्षं ही म्हण चालली. ज्या माणसानं जन्मात दिसलं त्याच्या पलीकडे एक रेघ मारली नाही, त्याचं नाव खोटेपणाला पडलं.

मग फ्लेक्स आला आणि दोन-चार वर्षांत पेंटरचा धंदा संपला. धंदाच नाही म्हटल्यावर झाकायचं काय राहिलं? आठ वर्षांपूर्वी, वयाच्या पासष्टीत, मी पुष्पावतीबाईंच्या दारात गेलो. त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. म्हणालो, "बाई, मला लिहाय-वाचाय शिकवा."

त्या हसल्या. चष्मा वर केला आणि पहिलीचं पुस्तक हातात दिलं. मी ते सवयीनं उलटं धरलं.

"पुस्तक उलटं आहे, कानिफराव."

"मला काय फरक पडतो, बाई."

"किती अक्षरं येतात?"

"येकबी न्हाई."

"चेष्टा पुरे. तुम्ही सगळ्या तालुक्याचे बोर्ड रंगवलेत."

"चित्रं काढली. अक्षरांची."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग हळूच म्हणाल्या, "ब्याऐंशी साली?"

"तवाबी न्हाई."

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "त्या पट्टीवर काय लिहिलंय, तुम्हाला ठाऊक आहे?"

"मला कोन सांगनार? समदे मलाच शिव्या देत हुते. लिवनाऱ्याला कुनी अर्थ सांगतं व्हय?"

बाईंनी सांगितलं. मराठीतून सांगितलं, ओळीओळीनं. छत्तीस वर्षांत माझी बदनामी ज्या शब्दांनी केली ते शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

विहीर मला नंतर दिसली.
आधी दिसला तो, मला पाहणारा.
माझं नाव त्याला वाचता येत नव्हतं
तरी त्यानं ते

इथे अर्धा शब्द.

"शास्त्रात हागार देवाला नाव देते," बाई म्हणाल्या. "तू पाहणारा देव, असं. म्हणून तेव्हा कमिटीला वाटलं, पेंटर म्हणतोय देवाला वाचता येत नाही. मलाही तेच वाटलं. मीच पहिली बोंब मारली." त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेऊन सुलटं केलं. "ज्याला वाचता येत नव्हतं तो भिंतीसमोर फळीवर बसला होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही."

त्या दिवशी शिकवणी झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून झाली. दोन वर्षांत मी मराठी वाचायला लागलो, तिसऱ्या वर्षी इंग्रजीची अक्षरं जुळवायला लागलो. बाई फार कडक. चुकलं की म्हणायच्या, "ब्रश चालवताना कशी रेघ चुकत नव्हती?" मी म्हणायचो, "तवा डोकं मधी येत नव्हतं."

दोन वर्षांपूर्वी मंदिराची शताब्दी जवळ आली आणि नूतनीकरण निघालं. पंचकमिटीचा सेक्रेटरी रविराज. बांधकामाचा धंदा करतो, मनानं चांगला, पण त्याचं सगळं प्रेम टाईल्सवर. उत्तरेच्या भिंतीला ओल आहे, तेव्हा खालपासून वरपर्यंत पांढऱ्या टाईल्स लावायच्या, असं त्यानं ठरवून टाकलं. बाईंनी विरोध केला. तो म्हणाला, "मावशी, भिंत जुनी आणि खरी असती तर मीच हात लावला नसता. पण त्यात पेंटरची भेसळ आहे. चौथं कडवं बनावट. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं, कानिफचं इंग्रजी?"

असा त्या चार ओळींवर सगळ्या भिंतीचा निकाल येऊन ठेपला. माझाही.

त्याच उन्हाळ्यात नगरच्या कॉलेजातून मोनिका साळवे आली. तिशीची पोरगी, इंग्रजी शिकवते. तिचा अभ्यास असा की शास्त्रातली गोष्ट इंग्रजी कवितेत जाताना काय होतं आणि कवितेतून चित्रात उतरताना काय होतं. बाईंनी मला बोलावून घेतलं. मोनिका तिसऱ्या चित्रापुढे उभी होती.

"हे बघा, आजोबा," ती म्हणाली. "शास्त्रात लिहिलंय, हागार लेकराला ठेवून एका बाणाच्या टप्प्यावर जाऊन बसली. विंटनबाईंनी कवितेत बाण काढून टाकला. त्या म्हणतात, रडं ऐकू येईल पण तोंड दिसणार नाही, एवढी लांब. आता चित्रात बघा. इथे बाणही नाही, रडंही नाही. काय आहे?"

मी हागार आणि लेकरू यांच्यामधल्या नांगरटीच्या रेघा मोजल्या. "नांगराची सात तासं."

"बरोबर. एकच अंतर, तीन प्रकारे."

"माझी आई ऊस तोडताना मला बांधावर निजवायची," मी म्हणालो. "अंतर येवढंच असायचं. ते बाईनं डोळ्यांनी बघितल्यालं हाय."

मोनिकानं ते वहीत लिहून घेतलं. मग चौथ्या चित्राकडे वळली. "इथे मात्र मी अडते. शास्त्रात हागारेला विहीर दिसते. चित्रात विहीर तिच्या पाठीशी आहे. ती बघतेय सरळ आपल्याकडे. म्हणजे जो कुणी या भिंतीसमोर उभा असेल त्याच्याकडे. असं का, हे कवितेत सापडलं असतं. पण कडवंच नाही."

पुष्पावतीबाई म्हणाल्या, "कपाटामागे बघ."

मोनिकानं कपाट आणि भिंत यांच्या फटीत हात घालून मोबाईलवर फोटो काढले. ते वाचताना तिच्या कपाळावर आठी पडली. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. "विंटनबाईंच्या भावाची नात इंग्लंडमध्ये आहे," ती म्हणाली. "तिच्याकडे बाईंची एक वही आहे, पेटीत पडून होती. तिला फोटो मागवते."

"त्यात नसलं तर?"

"तर नाही म्हणून लिहीन, आजोबा."

हे मला आवडलं. दिसेल तेवढंच लिहिणारी होती.

तीन आठवडे गेले. टाईल्सची खोकी येऊन मंदिराच्या व्हरांड्यात लागली. गवंडी सोमवारी येणार होता. शनिवारी संध्याकाळी बाईंच्या फोनवर मोनिकाचा निरोप आला. उद्या उपासनेनंतर सगळ्यांना थांबायला सांगा. कानिफआजोबांना आणा. चष्मा विसरू देऊ नका.

रविवारी उपासना दहाला संपली. ऊन भिंतीवर आलं होतं. रविराजनं चार माणसं लावून कपाट बाजूला केलं. इतक्या वर्षांनी ती पट्टी उघडी झाली. मधल्या काळात बाकीच्या तिन्ही पट्ट्यांवर धूर बसला होता, पोपडे धरले होते. माझी पट्टी काल रंगवल्यासारखी होती.

मोनिकानं आपला मोबाईल रविराजच्या हातात दिला. "यात वहीचं पान आहे. विंटनबाईंच्या हातचं. मी बघत नाही, तुम्ही बघा. आजोबा, तुम्ही भिंतीवरचं मोठ्यानं वाचा."

बाकावरून कुणीतरी म्हणालं, "वाचतोय म्हनं कानिफ." दोघं-तिघं हसले.

मी भिंतीसमोर उभा राहिलो. चष्मा चढवला. मी लिहिलेलं मी स्वतः कधी वाचलं नव्हतं. कपाट हलवायला सांगायचा धीर झाला नव्हता. एकेक अक्षर जुळवत, शब्दाशब्दाला थांबत मी इंग्रजी वाचायला लागलो. माझा उच्चार काय असेल तो असो. रविराज पानावर बोट ठेवून चालला होता.

पहिली ओळ झाली. त्याचं बोट पुढे सरकलं.

दुसरी झाली. तो बाकाच्या कडेला टेकला.

तिसरी ओळ मी वाचली, आणि मला वाचता येत नव्हतं हे मी माझ्या तोंडानं, सगळ्या गावादेखत, इंग्रजीतून वाचलं.

चौथ्या ओळीत अर्धा शब्द आला आणि मी थांबलो. "हितं सुटलंय," मी म्हणालो.

रविराजनं मान वर केली. "हितंबी," तो म्हणाला. "तितंच सुटलंय. त्याच अक्षराला."

मोनिकानं सांगितलं, पानावर तारीख आहे. नऊ डिसेंबर, एकोणीसशे एकतीस. बाई तेव्हा इंग्लंडमध्ये, अंथरुणाला खिळलेल्या. त्यानंतर महिन्याभरात वारल्या. ती वही त्या घराबाहेर कधी गेली नाही. देवखडकच्या भिंतीवर हे कडवं त्यांनी लिहिलं नाही, लिहिणं शक्यच नव्हतं.

 मग पुष्पावतीबाई उठल्या. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले. माझ्याजवळ येऊन सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"या माणसाला वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "ब्याऐंशी साली एक अक्षर येत नव्हतं. मी त्याला शिकवलंय, मी शपथेवर सांगते. आणि त्याला खोटं पाडणारी पहिली मीच."

पुढच्या बाकावरची बायडाबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी, काठी टेकत म्हणाली, "म्हंजी कानिफचं इंग्रजी खरंच निघालं म्हना की." आणि तिनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. उपासना संपलेली असूनही कुणीतरी गीत धरलं. माझा पोरगा, आता पंचेचाळिशीचा, दारात उभा राहून गमछ्यानं तोंड पुसत होता. रविराजनं तिथल्या तिथे गवंड्याला फोन लावला आणि टाईल्सची खोकी परत पाठवली. मला म्हणाला, "नाना, ही भिंत आता कुणाच्या बापाला हलत नाही." मी सत्तरीच्या पुढचा गडी, पण त्या दिवशी मंदिरापासून घरापर्यंत छाती काढून चाललो.

मोनिका मागे राहिली होती. संध्याकाळी ती आणि बाई आमच्या ओट्यावर आल्या. ती म्हणाली, "एक गोष्ट सगळ्यांसमोर वाचली नाही. कडव्याच्या खाली बाईंनी काही वाक्यं लिहिलीत."

तिनं मराठीत सांगितलं, सावकाश.

"सकाळचे दहा. ताप उतरला आहे. तो सावळा माणूस आजही दिसला, फळीवर बसून डाव्या हातानं माझ्या भिंतीवर लिहिताना. त्यानं काढलेलं प्रत्येक अक्षर मी उतरवून घेतलं. दारातून कुणा बाईनं त्याला हाक मारली, आणि त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं."

मुक्ताबाई चुलीपुढून उठून दाराशी आली होती. 

"मी भिंतीवरचं उतरवलं," मी म्हणालो. "मनचं न्हाई."

"त्यांनीही मनचं नाही," मोनिका म्हणाली. "त्या म्हणतात, तुमचं उतरवलं."

"मंग कडवं केलं कुनी?"

तिनं मोबाईल बंद केला. "पुढची पानं कोरी आहेत, आजोबा. या पानाच्या तळाशी एवढंच लिहिलंय की तो पुन्हा येईपर्यंत मी थांबते."

शताब्दीच्या आधी पंधरा दिवस रविराज घरी आला. "नाना, शब्द अर्धा बरा दिसत नाही. पुरा करून द्या."

"काय लिवू? पुढं कोरं हाय."

"दिसंल ते लिवा," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

मला खरी भीती वेगळीच होती. अक्षर शिकल्यापासून मला आकार दिसायचे बंद झाले होते. बोर्डाकडे पाहिलं की आवाज ऐकू यायचा. मनचं आलं तर? पुन्हा एकदा, या वेळी खरोखरच, मी खोटा ठरलो तर? चार रात्री मी नीट जेवलो नाही. मुक्ताबाई म्हणाली, "चष्मा काढून बसा. डोकं घरी ठिवून जा."

सोमवारी सकाळी मी रंग कालवला. जुना ब्रश घेतला. पुष्पावतीबाई सोबत आल्या. फळीवर चढायला मला आता शिडी लागत होती, ती धरायला. दार आतून लावून घेतलं, कुणी हाक मारायला नको म्हणून.

दहाचं ऊन आलं. मी चष्मा काढून खिशात घातला. फडकं भिजवलं, पिळलं, अर्ध्या शब्दापुढच्या पांढऱ्या चुन्यावरून फिरवलं.

काही नाही.

पुन्हा फिरवलं. डोळ्यांपुढे नुसता ओला चुना. मी मान वाकडी केली, खांदा उतरवला, लहानपणी कोपीच्या फटीतून उजेड बघायचो तसं बघितलं.

आलं.

आधी एक कड. मग वाक. मग सगळं, गडद, एका रेषेत, पट्टीच्या टोकापर्यंत. ते काय म्हणत होतं ते मी वाचलं नाही. ब्रश लावला. 

अर्धा शब्द पुरा झाला. पुढचा झाला. खालून बाईंचा आवाज आला, दबका, भरलेला. "'तरी त्यानं ते पुरं लिहिलं,'" त्यांनी मराठीत म्हटलं. "कानिफराव, बसतंय. कवितेत बसतंय."

"थांबा म्हनू नगा," मी म्हणालो. "अजून लई हाय."

भिंत ओलीच होती. मी पुढच्या अक्षराला हात घातला.

तेव्हा मागच्या बाकांकडून आवाज यायला लागला. बारीक, कोरडा. कागदावर पेन्सिल चालते तसा.

मी ब्रश उचलला. आवाज थांबला.

ब्रश टेकवला. आवाज सुरू झाला.

मी खाली पाहिलं. बाईंचे दोन्ही हात शिडीवर होते. त्या भिंतीकडेच बघत होत्या आणि त्यांचे ओठ गच्च मिटले होते. त्यांनाही ऐकू येत होतं.

"वळू नका," त्या म्हणाल्या.

मी वळलो नाही. मागची पेन्सिल जरा मागे पडत होती, आजारी माणसाच्या हातासारखी. मी अक्षरं सावकाश काढू लागलो, एकेक रेघ ठळक, म्हणजे तिला नीट उतरवून घेता येईल.